सोनकांबळे भाऊसाहेबांचा परगणा

सोनकांबळे भाऊसाहेबांनी एका ड्रॅगनचं नाव सातबाऱ्यावर लावलेलं आहे. इतर हक्काच्या रकान्यात. 'पोटखराबा, गुहा एक, आत ड्रॅगन एक, वहिवाट तीन पिढ्यांची, हरकत कोणाची नाही.' हे मी माझ्या प्रेसमध्ये, माझ्या खुर्चीत बसून वाचलं. त्याच क्षणी ते काम नाकारायला हवं होतं. नाकारलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो भाऊसाहेबांवर आहे.

मी छपाईवाला. बिलोलीकडच्या एका खेड्यातून नांदेडला आलो तो दुसऱ्याच्या प्रेसमध्ये शाईचे रोलर पुसायला. आज दोन मशीन माझ्या नावावर आहेत. लग्नपत्रिका, बिलबुकं, कॉलेजची वार्षिकं, निवडणुकीची पत्रकं, सगळं छापतो. घासाघीस केल्याशिवाय मी सख्ख्या मेव्हण्याचीही पत्रिका छापलेली नाही, आणि त्यानं तोंड वाकडं केलं तेव्हा ते काम दुसरीकडे जाऊ दिलं. एवढं सांगायचं कारण, माणूस ओळखण्यात मी सहसा चुकत नाही. भाऊसाहेबांच्या बाबतीत चुकलो.

ते माझे शेजारी. प्रेसची मागची भिंत आणि त्यांच्या घराची मागची भिंत यांच्यामध्ये एक मांजर जेमतेम जाईल. तीस-पस्तीस वर्षं तलाठी म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. बिलोली, देगलूर, हिमायतनगर अशी गावं पालथी घातलेला माणूस. पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन, आणि कुठलीही गोष्ट कागदावर आल्याशिवाय खरी न मानण्याची सवय. पावसाबद्दल बोलायचं असलं तरी "किती मिलिमीटर?" असं विचारणार.

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षीची गोष्ट. इकडे नांदेडलाही नळाची वाट बघत माणसं वैतागलेली होती. भाऊसाहेबांच्या वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगची पोरं भाड्यानं राहायची. त्या पोरांकडे रविवारी दुपारी आरडाओरडा सुरू झाला. डोकं फोडा, पाय तोडा, पूल पेटवा. भाऊसाहेब वर गेले ते खून थांबवायला. बघतात तर टेबलाभोवती पाच जणं शहाण्यासारखी बसलेली, समोर वह्या, शेंगदाणे आणि वीस तोंडांचा एक फासा.

त्यातली शिफा नावाची मुलगी उदगीरची. होस्टेलवरून खेळायला यायची. तिनं त्यांना खेळ समजावून सांगितला. तोच मी तुम्हाला सांगतो, कारण मलाही तो समजायला तीन रविवार लागले. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. सांगणारा म्हणतो, समोर नदी आहे, काय करता? खेळणारे म्हणतात, पोहून जातो. जमतं की नाही ते फासा ठरवतो. आणि ही नदी, ती गावं, तिथले राजे, राक्षस हे सगळं ज्यात लिहिलेलं असतं, ते जाडजूड पुस्तक वेगळं विकत मिळतं. त्या पुस्तकाच्या जिवावर पोरं वर्षभर खेळतात.

शिफानं असं एक परदेशी पुस्तक भाऊसाहेबांच्या हातात दिलं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. भाऊसाहेबांनी ते आठ दिवस घरी ठेवलं आणि परत केलं ते लाल पेनानं हरकती लिहून. मी ते पुस्तक पाहिलं आहे. पहिल्याच पानावर: 'राजधानी डोंगरमाथ्यावर. लोकसंख्या एक लाख. नदी नाही, तळे नाही, आड नाही. खुलासा करावा.' पुढे: 'ड्रॅगन तीनशे वर्षे गुहेत. खातो काय? आसपासच्या गावांतील जनावरांची संख्या दिलेली नाही.' लांब कानांच्या अमर लोकांची दहा हजार वर्षांची वंशावळ होती, तिच्यावर एकच शेरा: 'वारस नोंद प्रलंबित.'

शिफा म्हणे इतकी हसली की फासा टेबलाखाली गेला. मग म्हणाली, "अंकल, तुम्हीच लिहा की मग."

हे वाक्य तिनं उच्चारलं नसतं तर आज माझी तब्येत बरी असती.

त्या दिवसापासून भाऊसाहेबांच्या तोंडी एकच प्रश्न बसला. कोणी काही सांगो, ते ऐकून घेणार, मान हलवणार आणि म्हणणार, "ते ऱ्हाऊ द्या. पाणी कुठून येतं?" माझ्या भाचीच्या साखरपुड्यात मुलाचे काका नव्या कॉलनीतल्या बंगल्याचं वर्णन करत होते, तिथं त्यांनी हे विचारलं. मी एका नव्या इमारतीत फ्लॅट घ्यायला निघालो होतो. बिल्डरला तीन महिने घोळवून वाकवला होता. कौतुकानं नकाशा दाखवायला नेला, तर पोहण्याच्या तलावावर बोट ठेवून म्हणाले, "माधवराव, हे सगळं ठीक हाय. पाणी कुठून येतं?" मी भडकलो. दुष्काळात असलं बोलतात का, म्हणालो. घरी आलो, झोप लागेना. दुसऱ्या दिवशी बिल्डरला विचारलं, तो खोकायला लागला. फ्लॅट घेतला नाही. पुढे ती इमारत टँकरवर चालली. माणूस बरोबर निघाला की त्याच्यावरचा राग आणखी वाढतो, हे त्या वेळी कळलं.

मग एके दिवशी ते प्रेसमध्ये आले. लाल फितीत बांधलेलं दप्तर टेबलावर ठेवलं. म्हणाले, "छापायचं हाय."

पुस्तकाचं नाव 'खडकमाळ परगणा'. पानं चाळली आणि मला घाम फुटला. एका पानावर एक गाव, तलाठ्याच्या नमुन्यात. वर गावाचं नाव, खाली चतुःसीमा, पूर्वेस भुतांचा ओढा, पश्चिमेस सरकारी गायरान. मग पाणी कोणाचं. मग ते कोणाला हवंय. मग गावात खोटं कोण बोलतंय. राजाचं नाव सगळ्या पुस्तकात एकदाच, तेही पावती फाडणाऱ्याच्या तोंडी.

"राजाबद्दल काहीच नाही?" मी विचारलं.

"राजा कुठं भेटतो माणसाला? मी एवढी नोकरी केली, कलेक्टर दोनदा दिसला. चांगल्या पुस्तकात खेळणाऱ्याला शिपाई भेटला पाहिजे."

परगण्यात दुष्काळाचं तिसरं वर्ष आहे. त्यात दरबारानं नवा जिल्हा करायचं जाहीर केलेलं आहे. उजनी आणि भोपाळी अशी दोन गावं, दोघांनाही मुख्यालय पाहिजे, कारण मुख्यालय जिथं जाईल तिथं कालवा जाणार. कुठलं गाव जिंकतं ते पुस्तकात लिहिलेलंच नाही. त्या दिवसांत आपल्याकडेही पेपर उघडला की नव्या जिल्ह्यांचीच बातमी असायची. सीमेपलीकडे तेलंगणात भराभर जिल्हे होऊन राहिले होते आणि आपल्याकडे नुसते मोर्चे. पोरं रविवारी हाच परगणा दप्तरावरून खेळून बघायची. शिफानं खेळताना भोपाळीची बाजू घेतली आणि खोट्या रस्त्यावर इतका खरा रास्ता रोको केला की बाकीची पोरं दोन रविवार उजनीला पोचलीच नाहीत. उदगीरची मुलगी, गावात जिल्ह्यासाठीचे मोर्चे लहानपणापासून बघितलेली, तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"हेच तर पाहिजे," भाऊसाहेब म्हणाले. "भांडण आपण लावून द्यायचं. मिटवायचं न्हाई. मिटवलेलं भांडण वाचून कोणी खेळत न्हाई."

नकाशाचंही तसंच. दर दहा पानांनी नकाशा बदलतो. उजनीवाल्याच्या नकाशात नदी उजनीला चिकटून, भोपाळीवाल्याच्या नकाशात ती तीन कोस लांब. मला वाटलं चूक आहे, म्हणून माझ्या ऑपरेटरकडून सगळे सारखे करून घेतले. भाऊसाहेबांनी ते पाहिलं आणि सगळी पानं एकेक करून टेबलावर मांडली. मग म्हणाले, "माधवराव, नकाशा बघताना आधी नकाशा काढणाऱ्याचं घर कुठं हाय ते बघायचं. तुम्ही सगळ्यांची घरं एका जागी आणून ठेवली." सगळे नकाशे पुन्हा बिघडवून घ्यावे लागले. माझ्या मशीनवर, माझ्या वेळात.

आणि एवढ्यावर संपत नाही. घाटातल्या नाक्यावर एक राक्षस आहे. नाव माधोबा. हा वाटसरूला सरळ खात नाही. आधी घासाघीस करतो. एक हात देतोस का, बरं मनगटापर्यंत दे, बरं दोन बोटं. सौदा जमला नाही तर रागानं दगड फोडतो, पण ज्याच्याशी सौदा केला त्याला शब्दाबाहेर एक नख जास्त खात नाही. हा कोण, हे कळायला शिफाला माझ्याकडे एकदा बघावं लागलं, बस. मी भाऊसाहेबांना जाब विचारला. म्हणाले, "तुम्ही कशाला मनावर घेता? त्यो पुस्तकातला सगळ्यात इमानदार माणूस हाय." मी म्हणालो, राक्षस आहे. ते म्हणाले, "ते धंद्यामुळं."

हेही मी गिळलं. खरं भांडण झालं ते बोरतळीच्या पानावरून.

बोरतळी हे त्या परगण्यातलं एक गाव. अर्धं गाव टेकडीवर, अर्धं नाल्यापलीकडे. दोन्हीकडे एकेक विहीर, दोन्ही कोरड्या. पाठीवर पाण्याचा हौद असलेलं एक प्रचंड कासव दरबाराकडून रोज येतं. अडचण ही, की कासव एकदा बसलं की हौद रिकामा झाल्याशिवाय उठत नाही. म्हणजे पाणी एकाच विहिरीत पडणार. कुठल्या, ते गावचा दप्तरदार ठरवणार. इथं लिखाण संपतं. खाली अर्धं पान कोरं.

मी म्हणालो, "भाऊसाहेब, दप्तरदारानं काय ठरवलं?"

"ते लिहायचं न्हाई."

"उजनी-भोपाळीचं समजू शकतो. ते मोठं भांडण आहे. पण इथं पान कोरं दिसतंय. लोक म्हणतील, प्रेसवाल्यानं मजकूर खाल्ला. माझ्या प्रेसमधून अर्धवट पान बाहेर गेलेलं नाही."

"मग ह्ये पहिलं जाईल."

मी घासाघीस केली. तीन ओळी लिहा म्हणालो. एक ओळ लिहा. चित्र टाका. कासवाचंच टाका. नाही. मग म्हणालो, गावच काढून टाका, बाकीची चाळीस गावं आहेत. तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मी विषय बदलला. पण मशीन थांबवलं. पान पुरं झाल्याशिवाय पुढचा सोळा पानांचा फॉर्म चढणार नाही, असं सरळ सांगितलं. ते म्हणाले, "तुमची मर्जी," आणि दप्तर न घेताच निघून गेले. दोन आठवडे आम्ही बोललो नाही. भिंतीला भिंत लागून असताना दोन आठवडे न बोलणं सोपं नसतं. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीनं मला ठसका लागायचा आणि तोही मी दाबायचो.

शेवटी शिफाच प्रेसमध्ये आली. "अंकल, तुम्ही एकदा बोरतळी खेळा. मग भांडा."

"मी म्हातारपणी फासे टाकू?"

"टाकू नका. तुम्ही नुसती घासाघीस करा. तुम्हाला येते ती."

रविवारी दुपारी मी वर गेलो, तो पान पुरं करून घ्यायला. भाऊसाहेब टेबलाच्या टोकाला, हातात पेन्सिल, समोर वही. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. शिफानं मला एक चिठ्ठी दिली. मी होतो दप्तरदार. चिठ्ठीवर आणखी काही लिहिलं होतं, ते मी वाचलं नाही. चष्मा खाली राहिला होता.

भाऊसाहेबांनी सुरुवात केली. "तिसरं वर्ष. ऊन डोक्यावर. कासव वेशीत येऊन उभं हाय. टेकडीवरचे एका अंगाला, नाल्यापलीकडचे एका अंगाला. दप्तरदार, कुठं बसवता?"

"अर्धं इकडे, अर्धं तिकडे."

"बसलं की उठत न्हाई."

"मग नाल्यात बसवा. मधोमध."

"नाल्याला उतार लई हाय. टँकर उलटंल."

पोरं हसली. शिफा म्हणाली, "अंकल, कासव."

"हाव, कासव," ते म्हणाले. पण पेन्सिल वहीवर थांबली होती.

मी सोडणार नव्हतो. म्हणालो, एक दिवस यांना, एक दिवस त्यांना. ते म्हणाले, पहिला दिवस कोणाचा, यावरच दोन दिवस जातील. मी म्हणालो, टेकडीवरच्या विहिरीत ओता आणि सगळ्यांना रांगेत उभं करा. ते म्हणाले, "रांग लागते. पण रांग कुठून सुरू होती, ते टेकडीवरचे ठरवतात. नाल्यापलीकडच्या बायांचा नंबर दुपार ढळल्यावर लागतो. तवर विहिरीत गाळ." मी म्हणालो, मग नाल्यापलीकडे ओता. ते म्हणाले, "टेकडीवरचा पाटील म्हणंल, दप्तरदार नाल्यापलीकडचाच हाय. आपल्याच लोकांचं बघणार."

"दप्तरदार नाल्यापलीकडचा कुठून झाला?"

शिफानं माझ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. तसं लिहिलेलं होतं.

माझा पारा चढला. दोन आठवड्यांचा राग होता, नकाशांचा होता, राक्षसाचा होता. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "म्हणू दे पाटलाला काय म्हणायचं ते. नाल्यापलीकडेच ओता. टेकडीवरचे येतील तिथं भरायला. मी सांगतो येतील. माझं घर गावात असंच टेकडीवरचं, पाटलाच्या वाड्याला लागून. आमची माणसं आधी चार दिवस बोंबलली असती, पाचव्या दिवशी घागर घेऊन उतरली असती. तहान लागली की कोण बघतं विहीर कोणाची?"

भाऊसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"हे तुम्ही म्हणून राहिलात," ते म्हणाले.

"हाव, मी म्हणतो."

"टेकडीवरचे असून."

"असून."

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. प्रत्येक रविवारी बोरतळीत कोणी काय केलं, ते तारीखवार लिहिलेलं होतं. पोरांनी कासवाला गाणं म्हणून उठवलं होतं, नाल्यावर पूल बांधला होता, पाटलाला बेडूक केलं होतं. तीन-चार वेळा नाल्यापलीकडे पाणीही ओतलं होतं.

"पोरं म्हणतात तुमच्यासारखंच," भाऊसाहेब म्हणाले. "पण पोरांचं घर दोन्हीकडं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. फार नाही सांगितलं. पहिली नेमणूक, दुष्काळाचं साल, दोन विहिरी आणि एक टँकर. नाल्यापलीकडे त्यांच्याच समाजाची वस्ती. नवा तलाठी आपल्यातला आला म्हणून वस्तीनं त्याला खुर्ची आणून दिली होती.

"पाटील काही बोलला न्हाई, माधवराव. खरं सांगतो. टेकडीवरचं कोणीच काही बोललं न्हाई. मलाच वाटलं, बोलतील. म्हणतील, आपल्याच लोकांचं बघतो. म्हणून कोणी बोलायच्या आधीच मी टँकर टेकडीवरच्या विहिरीत वतायला लावला. तीन महिने. आपल्या बाया रांगंच्या शेवटाला. वस्तीतली एक म्हातारी होती. मी गेलो की रोज चहा द्यायची. त्याच पाण्याचा. एका शब्दानं कधी काही म्हणली न्हाई."

मी आयुष्यभर समोरच्याच्या बोलण्यावर बोलून जगलो आहे. त्या वेळी एवढंच विचारलं, "टेकडीवरचं कोणी म्हणालं असतं, नाल्यापलीकडेच ओता, तर?"

"तर लई बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी बोरतळीचं पान मी होतं तसंच मशीनवर चढवलं. ऑपरेटर म्हणाली, साहेब, खाली अर्धं पान रिकामं जातंय. मी तिच्यावर ओरडलो. पण ते सोमवारी. त्या रविवारी आम्ही उठलो नव्हतो.

भाऊसाहेबांनी पेन्सिल पुन्हा हातात घेतली. घसा साफ केला. म्हणाले, "बरं. कासव नाल्यापलीकडं बसलं. चार दिवस झाले. पाचवा दिवस उजाडला. टेकडीवरनं कोण उतरतंय?"

"ते तुम्ही सांगायचं ना? गोष्ट सांगणारे तुम्ही," मी म्हणालो.

"तिकडची माणसं मला माहीत न्हाईत. मी नुसती नावं लिहिली त्यांची. तुम्ही सांगा."

पोरं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "आधी आमची चुलती. डोक्यावर घागर, आणि घरापासून नाल्यापर्यंत अखंड शिव्या."

"कोणाला?"

"दप्तरदाराला. कासवाला. आम्हा सगळ्यांना."

भाऊसाहेबांनी ते लिहून घेतलं. "मग?" ते म्हणाले. "तिच्या मागं कोण?"